इंजिनाचे व्हॉल्व : उघडण्या-मिटण्याची वेळ आणि टॅपेटची फट



ऐन गळीत हंगामात ऊस तोडून फडात पडला आणि वाहतुकीचा ट्रॅक्टर बंद पडला, तर नुकसान दोन्हीकडून होते. तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि त्यातली साखरही कमी होऊ लागते. म्हणजे सभासदाचे वजन गेले आणि कारखान्याचा उतारा गेला. डिझेल, ऑईल, पाणी याकडे आपण लक्ष देतो. पण इंजिनाच्या डोक्यावरील झाकणाखाली बसलेल्या व्हॉल्वकडे, ते जळेपर्यंत कोणी बघत नाही. ट्रॅक्टर असो की विहिरीवरचे डिझेल इंजिन, गोष्ट एकच आहे. ती नीट समजून घेऊ.

दट्ट्याच्या चार धावा

पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो व हवा आत ओढतो. दुसरीत तो वर जाऊन हवा दाबतो. दाबाने हवा इतकी तापते की, शेवटी फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. तिसरीत पेटलेला वायू दट्ट्याला खाली ढकलतो. कामाची धाव हीच. चौथीत दट्ट्या वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो.

या चार धावांत क्रँकचे दोन फेरे होतात. प्रत्येक व्हॉल्व मात्र एकदाच उघडायचा असतो. म्हणून कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरते. त्याच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दात असतात. कॅमचा उंचवटा टॅपेट उचलतो, पुशरॉड रॉकरला ढकलते, रॉकर व्हॉल्व दाबून उघडतो आणि स्प्रिंग तो परत मिटवते.

इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा उघडतो. आठ तास चालवले तर ३,६०,००० वेळा! एवढे काम दुसरा कोणता भाग मुकाट्याने करत असेल?

वेळ थोडी आधी, थोडी नंतर का?

पुष्कळांना वाटते की, दट्ट्या अगदी वर आला की हवेचा व्हॉल्व उघडावा आणि अगदी खाली गेला की मिटावा. पण १,५०० फेऱ्यांना एक धाव सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. एवढ्यात व्हॉल्व पुरता उघडायचा, हवा हलायची आणि सिलिंडर भरायचा.

दारे धरणाऱ्याला हे लगेच पटेल. पाटाचे दार बंद केले, तरी पाटात धावणारे पाणी काही वेळ सरीत येतच राहते. हवेचेही तसेच. दट्ट्या खालून वर निघाला, तरी वेग घेतलेली हवा आत येत असते. म्हणून हवेचा व्हॉल्व दट्ट्या तळाला पोचल्यावर लगेच मिटत नाही. क्रँक आणखी साधारण ३५ ते ४५ अंश फिरल्यावर मिटतो. उघडतोही थोडा आधीच.

धुराच्या व्हॉल्वचे उलट आहे. कामाची धाव संपण्याआधीच, साधारण तितक्याच अंशांवर तो उघडतो. यात जोर वाया जातो असे वाटेल, पण धावेच्या शेवटी दाब बराच उतरलेला असतो. उरलेल्या दाबाने धूर आपोआप बाहेर पडतो आणि वर येणाऱ्या दट्ट्याचे कष्ट वाचतात. हे अंश प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात. ते बनवणाऱ्याच्या पुस्तकातलेच धरावेत.

इंजिन खोलून परत जोडताना चक्रांवरील खुणा जुळवतात त्या याचसाठी. समजा, कॅमच्या चक्राला ४० दात आहेत. एक दात चुकला तर कॅम ९ अंश सरकतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने १८ अंश. मग जोर कमी, धूर काळा. डिझेल इंजिनात दट्ट्या आणि डोके यांत जागा फार थोडी असते. चूक मोठी असली तर दट्ट्या व्हॉल्वला धडकून तो वाकतो.

टॅपेटची फट

लोखंड तापले की वाढते. व्हॉल्वची दांडी तापून लांबते, म्हणून रॉकर व दांडीत केसासारखी फट ठेवतात. धुराचा व्हॉल्व जास्त तापतो. म्हणून बऱ्याच इंजिनांत त्याची फट हवेच्या व्हॉल्वपेक्षा जास्त सांगितलेली असते.

फट फार झाली तर व्हॉल्व उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि टकटक आवाज येतो. फट उरलीच नाही, तर मात्र आवाज येत नाही. व्हॉल्व सीटवर पुरता बसत नाही, पेटता वायू त्या चिरेतून घुसतो आणि व्हॉल्वची कड जाळतो. मिटलेला व्हॉल्व आपली बहुतेक उष्णता सीटला देऊन थंड होतो. बसलाच नाही तर थंड कसा होणार? सीट झिजली की व्हॉल्व आत बसतो आणि फट आपोआप कमी होते, हे ध्यानात ठेवा. टकटकणारे टॅपेट निदान सांगून तरी त्रास देते, मुके टॅपेट न सांगता खर्चात घालते.

ओळखावे कसे?

इंजिन बंद असताना, डिझेल तोडून व डिकॉम्प्रेशन सोडून हँडल सावकाश फिरवावे. दाबाच्या धावेला चांगला अडसर लागला तर ठीक. अडसर नसेल तर कान द्या. सायलेन्सरमध्ये फुसफुस आली तर धुराचा व्हॉल्व गळतो. एअर क्लीनरमध्ये आली तर हवेचा. ऑईल भरायच्या तोंडाशी आली तर दोष रिंगांचा समजावा. निळा धूर आणि ऑईलचा खप वाढला, तर रिंगांबरोबर व्हॉल्व गाईडही तपासून घ्यावे.

हंगामाआधी एवढे कराच

१. पुस्तकात दिलेल्या तासांनी फट तपासावी. ती थंड इंजिनावर बघायची की गरम, हेही पुस्तकात असते.

२. त्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या धावेच्या शेवटी अगदी वर आणावा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व मिटलेले असतात.

३. फट फिलर गेजनेच मोजावी. पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे. चेकनट आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना फट बदलते.

४. व्हॉल्व घासून बसवले, तर पेस्टचा कणही राहू देऊ नये. बसवल्यावर तोंडात रॉकेल ओतून पाहावे. झिरपले तर काम अपुरे आहे.

५. एअर क्लीनर स्वच्छ ठेवावा. फडातली धूळ गाईड आणि सीट दोन्ही खाते.

फट तपासायला लागतो फिलर गेज, एक पाना आणि अर्धा-एक तास. जळालेला व्हॉल्व बदलायला डोके उतरावे लागते, आणि तोवर फडातला ऊस वाळत राहतो.