पदवीच्या वर्गातील इंग्रजी : तासांचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की मार्गदर्शनासाठी येणारे पालक आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : "बी.ए.ला इंग्रजी विषय घेतला तर मुलाला इंग्रजी बोलता येईल ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. 'इंग्रजी' या एकाच नावाखाली आपल्या विद्यापीठांत दोन निराळे अभ्यासक्रम चालतात. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी त्यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

मुख्य विषय म्हणून जे इंग्रजी घेतले जाते ते प्रामुख्याने साहित्य. कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा. वाचनाची गोडी असेल, पुढे एम.ए. करून अध्यापन करायचे असेल, तर हा विषय जरूर घ्यावा. मात्र विद्यार्थ्याला भाषा येते असे गृहीत धरूनच तो शिकविला जातो. मराठी माध्यमातून आलेला मुलगा मग शेक्सपिअरचे नाटक गाईडमधून पाठ करतो आणि पदवी हाती पडल्यावरही मुलाखतीत गप्प बसतो. यात त्या मुलाचा दोष नाही.

दुसरा अभ्यासक्रम सर्वांसाठी. पूर्वी त्याला 'कंपल्सरी इंग्लिश' म्हणत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भाषांचा हा भाग क्षमता संवर्धन या सदरात आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक असून त्यांपैकी ८ या सदराला आहेत. त्यातच इंग्रजी आणि भारतीय भाषा दोन्ही बसवायच्या. निम्मे इंग्रजीला धरले तर ४ श्रेयांक होतात. एक श्रेयांक म्हणजे १५ तास. म्हणजे तीन वर्षांत वर्गात बसून इंग्रजी शिकण्याचे तास साठ!

आता हे साठ तास किती पुरतात ते पाहू. युरोपात २००१ साली भाषाज्ञानाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या प्रसिद्ध झाल्या. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्यास शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली सुमारे २०० तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज आहे. आपले साठ तास एका पायरीच्या तिसऱ्या हिश्शालाही पोहोचत नाहीत, आणि तेही वर्गात शंभर-सव्वाशे मुले असताना.

भाषाशिक्षणाच्या शास्त्रात 'दुसरी भाषा' आणि 'परकी भाषा' असा भेद करतात. वर्गाबाहेरही जी कानावर पडते, वापरावी लागते, ती दुसरी. जी तास संपला की संपते ती परकी. भारतात इंग्रजी ही दुसरी भाषा समजली जाते. दक्षिण मुंबईत किंवा पुण्याच्या कॅम्पात ते खरेही असेल. पण ज्याच्या घरात, वस्तीत, बाजारात कोणीच इंग्रजी बोलत नाही त्याला ती परकीच. अभ्यासक्रम मात्र पहिल्या मुलाला समोर ठेवून आखला जातो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तरी हे अंतर बुजलेले नाही.

परीक्षेचाही यात मोठा वाटा आहे. चीनमध्ये इंग्रजी ही सरळसरळ परकी भाषा. तेथे इतर विषयांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी १९८७ पासून देशव्यापी इंग्रजी परीक्षा घेतली जाते. लेखी परीक्षेवरच भर राहिल्याने वाचता येते पण बोलता येत नाही अशी पिढी तयार झाली, आणि लोक त्याला 'मुके इंग्रजी' म्हणू लागले. १९९९ मध्ये तोंडी परीक्षेची जोड दिली गेली. आमच्या मते आपल्याकडील रोगही तोच आहे. जे तपासले जात नाही ते मूल शिकत नाही, आणि शिक्षकही शिकवीत नाहीत. परदेशी विद्यापीठे मात्र आय.ई.एल.टी.एस.सारख्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे अशी चारही अंगे तपासतात. परदेशी शिष्यवृत्तीची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या कित्येक हुशार मुलांची गाडी नेमकी इथे अडते.

म्हणून प्रवेश घेताना महाविद्यालयाला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. इंग्रजीच्या तासाला विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या करतात का? तोंडी कामाला अंतर्गत गुण आहेत का? 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर इंग्रजीचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात, तेही नजरेखालून घालावेत.

उरलेले तास आपल्यालाच उभे करावे लागतील. विहारात दर रविवारी दोन तास दहा-बारा मुले बसली तर वर्षाला शंभर, तीन वर्षांत तीनशे तास होतात. महाविद्यालयाच्या पाचपट! त्यासाठी फार विद्वान शिक्षकाची गरज नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातील एक बातमी एकाने मोठ्याने वाचावी, इतरांनी पुस्तक बंद ठेवून ऐकावी, मग प्रत्येकाने ती चार वाक्यांत सांगावी आणि घरी जाऊन लिहून आणावी. चुका लगेच टोकू नयेत, वाक्य आधी पुरे होऊ द्यावे. बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी करणाऱ्या आपल्या सभासदांनी महिन्यातून एक रविवार दिला तरी चौघांत हा वर्ग वर्षभर चालेल.