कोंबडीच्या पोटातील मित्र

'आधी कोंबडी की आधी अंडे?' हा वाद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज मात्र कोट्यवधी पिले अशी जन्मतात की त्यांना कोंबडी कधी भेटतच नाही. त्याचा परिणाम पार आपल्या औषधांपर्यंत पोचतो.

खेड्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात आणि आईमागून उकिरडा उकरू लागतात. दाणे टिपताना आईच्या विष्ठेतील जंतूही त्यांच्या पोटात जातात. ऐकायला किळसवाणे वाटेल. पण पिलाला मिळणारा पहिला वारसा तोच होय! यंत्रात उबवलेल्या पिलाला हा वारसा मिळत नाही. त्याचे आतडे म्हणजे जणू रिकामे घर. त्यात साल्मोनेलासारखा रोगजंतू आधी शिरला, तर तोच मालक होऊन बसतो.

फिनलंडमध्ये १९७१ च्या सुमारास कोंबड्यांत साल्मोनेलाची मोठी साथ आली. तेव्हा नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिलांना पाजून पाहिले. पुढे साल्मोनेला दिल्यावरही त्यातील बहुतेक पिले बचावली. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. आईने जे सहज दिले असते, तेच शास्त्रज्ञांनी हाताने दिले.

असे हितकारक जिवंत जंतू म्हणजे प्रोबायोटिक. त्यांपैकी लॅक्टोबॅसिलस हे तर आपल्या विरजणातील जंतूंचे भाऊबंद. ते आतड्याच्या अस्तरावरील जागा अडवतात, रोगजंतूंच्या तोंडचे अन्न पळवतात आणि आम्ल तयार करून त्यांना वाढू देत नाहीत. गाईम्हशींच्या खुराकातही यीस्ट मिसळतात.

मग प्रतिजैविके का देऊ नयेत? रोग झाल्यास ती हवीतच. पण वजन वाढावे म्हणून रोज थोडी थोडी चारली, तर त्यांना दाद न देणारे जंतू माजतात आणि उद्या माणसावरही औषध चालेनासे होते. म्हणूनच युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी ती देणे बंद केले. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास भारत सरकारनेही २०१९ साली बंदी घातली.

तथापि प्रोबायोटिक ही जादूची पुडी नव्हे. सर्व जंतू सारखे नसतात. एका खुराड्यात आलेला गुण दुसऱ्यात येईलच असे नाही. त्याने मानमोडीची लस टळत नाही की घाणेरडे पाणी शुद्ध होत नाही. प्रतिजैविकाबरोबर दिल्यास हे मित्रही बहुधा मारले जातात. म्हणून पशुवैद्याला विचारूनच ते द्यावे.

आमच्यासारख्या कितीतरी घरांत कॉलेजची फी कोंबड्या-शेळ्यांवर भागते. पिले सुस्तावली की दुकानातून कसलीशी पुडी आणून पाण्यात टाकायची, ही तिथली सर्रास रीत. शिकलेल्या मुलाने घरी जाऊन निदान एवढे तरी सांगावे, की प्रत्येक जंतू वैरी नसतो आणि प्रत्येक औषध मित्र नसते.