पाऊस ओसरल्यावरची परसबाग

दसऱ्याची तोरणे वाळू लागली की गोव्यातील परसांत पुन्हा कुदळ फिरू लागते. पावसाळी काकडी-दोडक्यांचे मांडव उतरलेले असतात आणि विहिरींना पाणी भरपूर असते. राज्याचे स्वयंपाकघर मोठ्या प्रमाणात बेळगावच्या भाजीवर चालते. घाटातील वाहतूक अडली की त्याची झळ थेट ताटाला बसते. म्हणूनच चार वाफ्यांच्या परसालाही मोल आहे.

मात्र घाई नडते. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कधी त्याहीपुढे रेंगाळतो. तांबड्या भाजीचे बी मोहरीहूनही बारीक. वळिवासारखी एकच सर आली तरी ते वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात जमते. ते बारीक वाळूत मिसळून फेकावे, वर मातीचा नुसता पापुद्रा द्यावा आणि झारीने पाणी शिंपडावे. मुंग्या बी पळवतात, त्यासाठी वाफ्याच्या कडेने चुलीतील राखेची रेघ ओढण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. पंचवीस-तीस दिवसांत भाजी खुडण्याजोगी होते. मुळ्याला साधारण दीड महिना लागतो. कोथिंबिरीचे धणे मात्र हलके रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नयेत.

खरा प्रश्न मातीचा आहे. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जांभ्या जमिनीतून चुना आणि इतर क्षार धुऊन जातात, माती आंबट होते. अशा मातीत वांगी, मिरची, टोमॅटो यांना मर रोग गाठतो. काल टवटवीत असलेले झाड आज पाने हिरवी असतानाच मान टाकते, आणि घरची मंडळी पाणी कमी पडले म्हणून आणखी पाणी ओततात. त्याने रोग शेजारच्या आळ्यात पोहोचतो. शंका असल्यास खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर तो जीवाणूंचा मर रोग समजावा. त्यावर फवारणीचे औषध शोधत बसण्यात अर्थ नाही. झाड मुळांभोवतीच्या मातीसह उपटून दूर टाकावे, खतखड्ड्यात कदापि नाही. त्या जागी पुढील काही वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो लावू नयेत. अळसांदे, वाल, मुळा, पालेभाजी घ्यावी. रानवांग्यावर कलम केलेली रोपे मिळाल्यास ती अधिक तग धरतात.

चुना लागवडीपूर्वी दोन-तीन आठवडे मातीत मिसळावा. तो शेणखताबरोबर घातल्यास खतातील नत्र वायुरूपाने उडून जाते. दोघांमध्ये अंतर हवेच. रोपे चार-पाच आठवड्यांची झाली की ऊन उतरल्यावर लावावीत आणि बुडाशी नारळाची सोडणे पालथी ठेवावीत. जानेवारीनंतर विहीर खोल जाऊ लागते, तेव्हा या आच्छादनाची किंमत कळते.

उत्तर भारतातील वेळापत्रके येथे लागू पडत नाहीत, हेही सांगायला हवे. गोव्यातील थंडी म्हणजे पहाटेचे वीस अंशांच्या आसपासचे तापमान. कोबी-फ्लॉवर घ्यायचेच असतील तर उष्ण हवेत गड्डा धरणारे लवकरचे वाण निवडावेत. मटारच्या नादी न लागलेले बरे. डिसेंबरात अळसांद्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. सुरुवातीलाच शेंडे चोळून धुतले तर बहुधा भागते, नाहीतर पाच टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा.

तांबड्या भाजीची दोन-तीन जोमदार झाडे मात्र न खुडता राखावीत. तुरे वाळले की बी झाडून, सावलीत सुकवून, राखेत घोळून बाटलीत भरावे. पुढच्या दसऱ्याला दुकानात जावे लागत नाही.