नाथसागरातले मासे कुणाचे?

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातले मासे भूमध्य समुद्रात शिरले. त्यांतल्या रॅबिटफिशनं तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं शेवाळ खाऊन खडक उघडे पाडले. पैठणच्या जायकवाडी धरणाचं, म्हणजे नाथसागराचं, १९७६ साली लोकार्पण झालं. तिथंही माणसाच्या बांधकामानं माशांचं जग बदललं. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. तिलापियाला तसं काही लागत नाही. १९५२ साली भारतात आलेल्या या आफ्रिकी माशाची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते आणि साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा विते. संथ पाण्यात पारडं तिच्याच बाजूला झुकणार.

मत्स्यबीज सोडतात, मग चिंता कशाची, असं कुणी म्हणेल. पण बीज सोडतात ते प्रामुख्यानं बाजारात खपणाऱ्या जातींचं. गोदावरीतल्या लहानसहान माशांची पैदास बीजकेंद्रात कोण करणार? त्यांचं रक्षण नदीतच व्हायला हवं. तिलापियावर मच्छीमाराचं पोट चालतं, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो बाजूला सारता येणार नाही. म्हणून बंदी मासेमारीवर सरसकट नको. तिलापिया हवा तेवढा धरावा. पावसाळ्यात, मासे प्रवाहाच्या उलट चढतात तेव्हा, ओढ्या-नद्यांच्या मुखाशी बारीक आसाची जाळी तेवढी लावू नयेत.