एकाचे दोनशे छप्पन

मुलीच्या वाढदिवसाला आणलेली क्लाउनफिशची जोडी तिसऱ्या रात्री मेली. पहिल्या संध्याकाळी दोन्ही मासे खात होते. दुसऱ्या दिवशी ते पंपाच्या धारेकडे तोंड करून एकाच जागी राहिले. तिसऱ्या सकाळी बघते तर केशरी अंगावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका, चिकट थर, आणि त्याचे पापुद्रे सुटून पाण्यात लोंबत होते. दुकानदाराने फोनवर तांब्याचं औषध घालायला सांगितलं होतं, ते मी घातलं होतं. मासे गेलेच, टाकीतल्या दोन गोगलगायीही गेल्या. 'नवीन मासे आहेत मॅडम, अचानक जातात,' तो म्हणाला.

त्या 'अचानक'ने मला स्वस्थ बसू दिलं नाही. मुलगी रोज विचारत होती, की आपलं काय चुकलं. शेवटी एका ओळखीच्या माणसाने वेसाव्याचा पत्ता दिला. तिथल्या कोळीवाड्यात एक दादा समुद्री मासे आणून तीस दिवस स्वतःजवळ ठेवतात आणि मगच विकतात, असं कळलं.

पूर्वी जाळी ठेवायची ती खोली. आता तिथे दोन भिंतींना लोखंडी मांडण्या आणि त्यांवर अकरा काचेच्या टाक्या. एकीतही वाळू नाही, दगड नाही, शोभेचं काही नाही. तळाला नळाच्या पांढऱ्या पाइपचे कोपरे टाकलेले, मासे त्यांत लपतात. १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेव्हापासून मुंबईकर काचेपुढे उभं राहून मासे बघत आलेत. काचेमागची बाजू मी इथे पहिल्यांदा पाहिली.

माझी सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, 'ताई, मेलेला मासा कुठाय?'

'पुरला. मोगऱ्याच्या कुंडीत.'

'मग आता नक्की कोण सांगणार?' त्यांच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती.

फोनमधले फोटो त्यांनी मोठे करून पाहिले. एवढा चिकट थर, तोही नव्याने आलेल्या क्लाउनफिशवर, म्हणजे बहुतेक ब्रुकलिनेला. हा घेवड्याच्या दाण्यासारख्या आकाराचा एकपेशीय जीव कातडी आणि कल्ले खातो, आणि एक-दोन दिवसांत मासा नेतो. त्याच्यावर तांबं चालत नाही, फॉर्मेलिन लागतं. म्हणजे मी घातलेल्या औषधाने फक्त गोगलगायी मारल्या. शंख-शिंपल्यांना, कोळंबीला आणि प्रवाळांना तांबं विषासारखं असतं, हेही मला तिथेच कळलं.

दादांची आई वेसाव्याच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकापुढे कल्ला उचलून धरायची, लाल असेल तर ताजा. 'मीपण कल्लाच बघतो,' दादा म्हणाले, 'पण जिवंत माशाचा.' घड्याळ समोर ठेवून ते प्रत्येक माशाचे श्वास मोजतात. एका मिनिटात कल्ला किती वेळा उघडला, तो आकडा वहीत जातो. रोज सकाळी आणि रात्री. बहुतेक रोगांत मासा आधी कल्ल्यांतून हरतो, अंगावरचे ठिपके नंतर दिसतात. काही वेळा ठिपके दिसण्याआधीच मासा मेलेला असतो, आणि लोक त्याला अचानक म्हणतात.

चौथ्या टाकीत एक निळा टँग होता, 'निमो'मधल्या डोरीच्या जातीचा. पाच दिवसांपूर्वी आलेला. कालपासून तो उजेड टाळत होता आणि धारेत तोंड घालून उभा होता. मी मोजले, एकशे अठरा. त्यांनी मोजले, एकशे चोवीस. त्यांनी खोलीतले सगळे दिवे बंद केले, खिडकीवर गोणपाट ओढलं आणि छोट्या टॉर्चचा झोत टाकीच्या बाजूने तिरका मारला.

निळ्या पाठीवर सोनेरी धूळ चमकली. हळदीचं बोट झटकल्यावर उडते तेवढी बारीक. झोत सरळ केला तर काही नाही, तिरका केला की पुन्हा धूळ. त्या खोलीतलं दुसरं काही आठवायला गेले, तरी मला आधी ती धूळच दिसते.

'वेल्वेट,' दादा म्हणाले.

शास्त्रीय नाव अमायलूडिनियम. त्याचा कण माशाच्या कल्ल्याला मुळं रोवून चिकटतो, काही दिवस खातो, मग सुटून तळाशी पडतो आणि स्वतःभोवती कवच करतो. आत तो दुभंगत जातो. दादांनी बोटांवर पाढा म्हणावा तसं मोजून दाखवलं: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ... 'एकाचे दोनशे छप्पन, ताई.' दर वेळी तेवढे होतातच असं नाही, पण २५६ पर्यंत होऊ शकतात, आणि बाहेर पडलेला प्रत्येक जण पोहत नवा मासा शोधतो. समुद्रात त्यांतल्या बहुतेकांना मासा सापडत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत मासा कुठे जाणार? दुकानात वीस टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं, तिथे तर एका टाकीतला रोग संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा झालेला असतो. म्हणून दादांच्या प्रत्येक टाकीचं जाळं वेगळं, नळी वेगळी, आणि एका टाकीत घातलेला हात कोरडा केल्याशिवाय दुसरीत जात नाही.

त्या टँगला त्यांनी लगेच औषधाच्या टाकीत हलवलं. तांब्याची मात्रा फार चिंचोळी असते. साधं, मुक्त तांबं लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. खाली गेलं तर रोग जगतो, वर गेलं तर माशाचे कल्ले भाजतात. दिवसातून दोनदा तपासायचं. शिवाय हे औषध माशाला चिकटलेल्या कणाला मारत नाही, पाण्यात पोहणाऱ्या पिल्लावळीला मारतं. म्हणून दोन दिवसांत बरं वाटलं तरी थांबायचं नाही.

व्हाइट स्पॉट तर याहून फसवा. क्रिप्टोकॅरियनचे मिठाच्या कणांसारखे ठिपके तीन ते सात दिवस माशावर राहतात आणि मग नाहीसे होतात. घरात आनंद होतो, मासा बरा झाला. वास्तविक तो परजीवी पोट भरून तळाला गेलेला असतो. तिथून तो बऱ्याचदा आठवड्या-दोन आठवड्यांत शेकड्यांनी परत येतो. कधी महिना लागतो, कधी ७२ दिवसही. त्यावर दादांची युक्ती साधी, औषधाविना: दर ७२ तासांच्या आत मासा कोरड्या, धुतलेल्या टाकीत हलवायचा. जे सुटून पडलं ते मागे राहतं. असं चार वेळा. एवढी मेहनत फक्त एका माशासाठी घेताना मी त्यांना पाहिलं, आणि मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर हाच शब्द आहे.

मी तिथेच थांबले होते. रात्री पावणेदोनला सहार विमानतळाहून थर्माकोलचे खोके आले. मासे पॅक करण्याआधी दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. तरी तीस तासांत अमोनिया साठतोच. पिशवी बंद असेपर्यंत त्याच पाण्यात माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइडही साठलेला असतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो. पीएच एक अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. आपण मात्र पिशवी उघडून, नळी लावून तास-दीड तास थेंब थेंब पाणी सोडत बसतो, मासा हळूहळू रुळावा म्हणून. मीही तेच केलं होतं, अगदी मायेने.

दादा उलट करतात. पिशवी बंदच टाकीत तरंगवून तापमान जुळवायचं. मग थेंबभर पाणी काढून खारटपणा मोजायचा आणि टाकीचं पाणी आधी तेवढ्यावर आणायचं. बऱ्याच पिशव्यांत पाणी समुद्राहून कमी खारट असतं, कारण त्याने मीठ वाचतं आणि परजीवी दबून राहतात. हे जुळलं की मासा सरळ नव्या पाण्यात. पिशवीतलं पाणी मोरीत. टाकीचा खारटपणा मग काही दिवसांत हळूहळू वाढवायचा.

एका एंजलफिशला त्यांनी काळ्या घमेल्यात गोड्या पाण्याची आंघोळ दिली, पाच मिनिटं, तापमान आणि पीएच जुळवून. घमेलं काळं का, ते तिसऱ्या मिनिटाला कळलं. माशावर काहीच दिसत नव्हतं, पण तिळाएवढे चपटे कृमी पांढरे होऊन तळाशी पडू लागले. माशावर ते पारदर्शक असतात. त्या रात्री मी एकोणीस मोजले, एका माशाचे.

पहाटे त्यांनी फॉर्मेलिनची बाटली उघडली तेव्हा नाकाला झिणझिण्या आल्या आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या आठवल्या. खिडकी उघडी होती, हातमोजे होते, मास्क नव्हता. फॉर्मेलिन माणसालाही घातक आहे. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, 'सवय झाली.' हे मला पटलं नाही, आणि इथे लिहितानाही पटत नाही.

गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांची पैदास मोठ्या प्रमाणावर होते. समुद्री मासे मात्र अजूनही बहुतेक समुद्रातूनच पकडून येतात. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून ते पकडायला सायनाइडही वापरलं गेलं. असा मासा आधीच अर्धा हरलेला असतो. क्लाउनफिश मात्र टाकीत वाढवता येतो. त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केलेलं आहे, आणि ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही ही पैदास होते. टाकीत जन्मलेल्या माशालाही रोग होतो, दादांनी बजावलं, पण तो प्रवासाने खंगून आलेला नसतो. आता मी घेईन तर तसाच घेईन.

निघताना एका दुकानातून आलेल्या मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा कण त्यांनी काचपट्टीवर ठेवला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. गडद, तपकिरी, नासपतीच्या आकाराचे गोळे, हालचाल न करणारे. वेल्वेट. व्हाइट स्पॉट असता तर गोळा गरगर फिरताना दिसला असता. 'एकाचे दोनशे छप्पन,' मी मनातल्या मनात गोळे मोजत राहिले.

निळा टँग आल्यापासून अकराव्या दिवशी दादांचा फोन आला. तो खायला लागला होता. श्वास शहात्तर. आणखी एकोणीस दिवस तो कुणालाही मिळणार नव्हता.

तुमच्या घरी नवा मासा मेला, तर माझ्यासारखा पुरू नका. टाकीतल्या पाण्यासकट पिशवीत घाला, पिशवी बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि दोन-तीन तासांत मायक्रोस्कोप असलेल्या माणसाकडे न्या. उशीर झाला की परजीवी माशाला सोडून जातात. आणि घेताना दुकानात विचारा, हा मासा तुमच्याकडे कधी आला? 'कालच' असं उत्तर मिळालं, तर महिन्याने परत जा.