रेंजरची किंमत

परभणीत सरळ हँडल आणि जाड टायर असलेली कुठलीही सायकल म्हणजे ‘रेंजर’. नाव लुधियानाच्या हीरोच्या एका मॉडेलचं, पण हर्क्युलिस असो की बीएसए, लोकांनी सगळ्यांचं बारसं एकाच नावानं उरकलं. नव्वदच्या दशकात ‘दहावीला फर्स्ट क्लास आण, रेंजर घेऊन देतो’ हा करार कितीतरी घरांत झाला. त्या सायकली आता गोठ्यात, जिन्याखाली पडून आहेत. मधूनच एखादी विकायला निघते. जिंतूरकडची अशीच एक परवा पाहून आलो. मालक म्हणाले, “अडीच हजार. रंग बघा की, कालच दिल्यावानी.” रंग खरंच कालच दिलेला होता. बोटाला लागला.

मी खाली वाकलो. हँडलच्या नळीला फ्रेमची तिरपी नळी जिथं जुळते, तिथं खालच्या बाजूनं बोट फिरवायचं. सायकल समोरून जोरात धडकली असेल तर नळीला तिथं बारीक सुरकुती पडते. रंगानं ती डोळ्याला दिसेनाशी होते, बोटाला नाही. मग बाजूला उभं राहून चिमटा पाहायचा. त्याचे पाय पुढे किंवा निदान हँडलच्या नळीच्या रेषेत हवेत. मागे, पायडलकडे कललेले दिसले तर बोलणीच करू नयेत. फ्रेम गेली की सायकल गेली. बाकी सगळं मिळतं.

बाकीचं म्हणजे खर्चाची बेरीज. क्रँक हातात धरून आडवा हलवला तर खडखडला, म्हणजे आतले कप आणि छर्रे गेले. मागचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेकच्या गुटक्याशी रिमचं अंतर पाहिलं: चाक आऊट होतं, पण तारा आवळून सरळ होण्याइतकंच. चेनसाठी मी खिशात फूटपट्टी ठेवतो. चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत अर्धा इंच, म्हणून 24 जोड मोजले की बरोबर 12 इंच भरायला हवेत. पाव इंचाचा अर्धा भाग जरी जास्त भरला, तरी चेन लांबली, आणि तिनं फ्रीव्हीलचे दातही खाल्ले असं धरून चालायचं. नुसती चेन बदलली तर नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारते. इथं ती पाव इंचानं लांब निघाली. टायरला उन्हानं भेगा पडल्या होत्या, पण त्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुणाच्या टायरला नसतात?

या सायकलीला मडगार्ड नव्हते. मालकांना ती उणीव वाटत होती, मला जमेची बाजू. आमच्या काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की 28 इंची साधी सायकल शंभर पावलं जात नाही. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल असा ठासून बसतो की चाक फिरतच नाही. मग काडी घेऊन कोरत बसा, नाहीतर सायकल खांद्यावर घ्या. रेंजरच्या चिमट्यात जागा मोठी. ती डोंगरासाठी काढलेली गाडी, पण गंगाखेड-जिंतूरचे डोंगर सोडले तर आपल्याकडे तिचा खरा उपयोग या चिखलात.

गंमत म्हणजे डोंगरी सायकलीचा जन्मही जुन्या सायकली पारखण्यातूनच झाला. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाईसच्या परिसरात सत्तरच्या दशकात काही पोरं 1930-40च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली जुन्या बाजारातून शोधायची आणि उतारावरून सोडायची. 1976 साली तिथं शर्यत सुरू झाली, तिचं नाव ‘रीपॅक’. कारण एका उतारात मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. 1977मध्ये जो ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेम बांधली. 1981ची ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यातून मोठ्या संख्येनं निघालेली पहिली डोंगरी सायकल. त्या काळातल्या हलक्या क्रोमोली पोलादाच्या फ्रेमला परदेशात शौकीन चांगले पैसे मोजतात. आपली रेंजर साध्या, जड पोलादाची. तिला ‘विंटेज’ म्हणून भाव सांगणारे भेटतात, ऐकून घ्यावं. तिचा मोठेपणा वेगळा आहे: 26 इंची ट्यूब अजून तालुक्याच्या दुकानात मिळते, आणि कुठलाही मिस्त्री तिला हात लावायला घाबरत नाही. पुढे स्वस्तातल्या शॉकअपवाल्या आल्या. त्या जुन्या झाल्या की स्प्रिंग गंजून बसते आणि उरतं नुसतं वजन. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

चेन, फ्रीव्हील, छर्रे, गुटके, दोन टायर. मनात वजाबाकी करून मी बाराशे म्हणालो. मालक हसले. “काका, पोराची आठवण हाय ती.” शेवटी एकच गोष्ट राहिली होती, सीटची दांडी. तिचा बोल्ट ढिला करून सीट पिळली. हलली नाही. तेल सोडून, हातोडीचे हलके ठोके देऊन पाहिलं. दांडी नळीत गंजून एक झालेली. फ्रेम नीट, पण सीट कायमची त्याच उंचीवर.

“कधी वर-खाली केलीच नाही का?”

“दहावीत व्हता तवा बसवली. मग तो पुण्याला गेला.”

तेराशेवर सौदा झाला. माझे पाय अजून जरा आखडतात.