सांगितले, पण पटले का?



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीबरोबर पोरांच्या शिक्षणाच्याही गोष्टी निघतात. परवा एक सभासद म्हणाले, "पोरगी म्हणतीय, संज्ञापन शिकणार. मास कम्युनिकेशन म्हणत्यात त्याला. आता बोलायला शिकायचं म्हणून कॉलेजात फी भरायची का?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

उत्तर शेतातलेच आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात मका म्हणजे आपल्याकडे ऊस तसे. १९२८ च्या सुमारास तेथे संकरित मक्याचे बियाणे आले. उत्पन्न जास्त, पण बी दरसाल विकत घ्यायचे. घरचे बी राखणाऱ्याला हे कसे पटावे? कॅरोल गावाकडे रॉजर्स नावाचे एक शेतकरी कुटुंब होते. घरधन्याला नव्या यंत्रांची मोठी हौस. पण हे बियाणे त्याने आठ वर्षे रानात येऊ दिले नाही. १९३६ साली दुष्काळ पडला. रॉजर्सचा मका करपला आणि शेजाऱ्याचा संकरित मका ताठ उभा राहिला. तेव्हा कुठे गडी वळला.

त्या घरातला एव्हरेट तेव्हा पाच वर्षांचा होता. माणसे चांगली गोष्टसुद्धा लवकर का घेत नाहीत, याच प्रश्नाचा त्याने पुढे कॉलेजात अभ्यास केला. १९५७ साली डॉक्टरेट मिळवली, १९६२ साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि संज्ञापनाचे प्राध्यापक म्हणून नाव कमावले.

त्याच्याही आधी, १९४३ साली, रायन आणि ग्रॉस या दोघा अभ्यासकांनी आयोवातील २५९ शेतकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांना दिसले ते असे: नव्या बियाण्याची बातमी सर्वाधिक जणांना पहिल्यांदा बियाणे विकणाऱ्याकडून कळली, पण मन वळवले ते शेजाऱ्याने. कळणे वेगळे, पटणे वेगळे!

आता आपल्याकडे बघा. "पाचट जाळू नका" असे पत्रक निघते, सभेत सांगितले जाते, ध्वनिक्षेपकावरून ओरडले जाते. तरी तोडणी झाली की काडी लागतेच. पत्रक पोचले, पण पटले नाही. उलट एखाद्याने सरीत पाचट ठेवले आणि भर उन्हाळ्यात त्याचा खोडवा हिरवागार दिसला, की शेजारी बांधावर येऊन विचारतो, "पाणी किती दिवसांनी देता हो?" खरा प्रचार तिथे सुरू होतो.

मग कॉलेजात शिकायचे ते काय? कोणाचा शब्द कोणाला चालतो, बातमी कुठे अडते, माणूस "हो" म्हणून घरी जातो आणि करत का नाही, हे शोधायला शिकायचे. म्हणजे बोलण्याआधी ऐकायला शिकायचे.

आणखी एक सांगण्यासारखे. जो नवे घेत नाही त्यालाच अडाणी ठरवायची खोड या अभ्यासाला लागली होती, हे रॉजर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. पाचट जाळणाऱ्याचीही काही अडचण असेल. कुट्टी करायला यंत्र वेळेवर मिळत नसेल, उंदरांची भीती असेल, पाणी द्यायला अडथळा होत असेल. ती विचारल्याशिवाय त्याला शहाणपण शिकवणे म्हणजे दगडावर पाणी.

सहकारात हुकूम चालत नाही, पटवावे लागते. सभासद मालक आहे. त्याला कळले नाही तर संस्था दुबळी होते आणि त्याचे ऐकले नाही तर संस्था त्याची राहत नाही. म्हणून त्या सभासदांना आमचे सांगणे एवढेच: लेकीला शिकू द्या. फक्त सुट्टीत घरी आली की तिला एक काम द्या. आपल्या गटातल्या दहा घरी जाऊन, पाचट का जाळता, हे नुसते विचारून येऊ दे. सल्ला नंतर. ती जे ऐकून येईल ते कारखान्यालाही ऐकावे लागेल.